मदत हवी आहे: व्याकरण चोख, पण उताऱ्यावरचे प्रश्न चुकतात (शांघाय, आठवी)

मंडळी,

चार वर्षं झाली शांघायला राहतेय. मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते. समोरच्या दारातल्या कुटुंबाचा मुलगा आठवीत आहे, त्याला आठवड्यातून दोनदा तासभर इंग्रजी शिकवते. पैसे घेत नाही. २०२१ च्या जुलैपासून इथे शालेय विषयांच्या शिकवण्यांवर सरकारची कडक बंधनं आहेत, आणि तसंही शेजाऱ्यांकडून कसले पैसे घ्यायचे? त्याची आई माझ्या लेकीकडून चिनी अक्षरं गिरवून घेते, अधूनमधून डंपलिंगचा डबा येतो. मुलगा मला 'आयी' म्हणतो. म्हणजे मावशी किंवा काकू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लेकीलाच ओ दिली होती.

पुढच्या जूनमध्ये त्याची चोंगखाओ, म्हणजे नववीच्या शेवटची परीक्षा. चांगलं सीनिअर हायस्कूल मिळणार की व्यावसायिक शाळेत जावं लागणार हे त्यावर ठरतं. इंग्रजीला १५० गुण, चिनी आणि गणिताइतकेच. घरात आत्तापासूनच आपल्या दहावीचं वातावरण आहे.

व्याकरणात पोरगा मलाच शिकवेल. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची वेगळी वही, प्रश्न कापून चिकटवलेला, खाली लाल शाईत कारण. 'इफ'चं वाक्य आलं की मंत्र म्हटल्यासारखं म्हणतो, "जू च्यांग त्सोंग श्येन". मुख्य वाक्य भविष्यात, गौण वाक्य वर्तमानात. चार अक्षरांत काम तमाम. मला हे असं कुणी शिकवलं नव्हतं.

ज्या चुका होतात त्या मला मराठीमुळे लगेच कळतात. 'ऑल्दो' लिहिलं की पुढे 'बट' येणारच, कारण चिनीत 'सुइरान' आलं की 'दान्श' हवंच. आपलं जरी-तरी तसंच. "तुला हे आवडत नाही ना?" असं इंग्रजीत विचारलं की तो 'येस' म्हणतो, म्हणजे हो, नाही आवडत. आम्हीही साताऱ्याला पाचवीत हेच करायचो. 'ही' आणि 'शी' मात्र बोलताना सतत उलटसुलट. चिनीत दोन्ही 'था', फक्त लिहिताना वेगळे. आजी 'ही' होते आणि मामा 'शी'. हे सगळं सुटेल, त्याची काळजी नाही.

काळजी उताऱ्याची आहे. परवाचा उतारा सांगते. एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी चहा करतात, टेबलावर दोन कप मांडतात, खिडकीजवळची खुर्ची पुसतात, एकाच कपातला चहा पितात आणि दुसरा कप धुऊन ठेवतात. प्रश्न: ते दोन कप का मांडतात? याने पर्याय निवडला, त्यांना चहा फार आवडतो म्हणून. विचारलं, कशावरून? त्याने उताऱ्यातल्या 'टी' या शब्दावर बोट ठेवलं आणि पर्यायातल्या 'टी'वर दुसरं बोट. जुळलं की झालं!

मग तीच गोष्ट मी मोडक्यातोडक्या चिनीत सांगितली. दुसऱ्या कपाशी आले तशी त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "नायनाय आता नाही." नायनाय म्हणजे आजी. म्हणजे समजतंय सगळं. इंग्रजीत आलं की ती त्याच्यासाठी गोष्ट उरतच नाही, कुलूप होतं, आणि हा किल्ल्या लावत बसतो.

शब्द कमी पडतात असंही नाही. २०२२ च्या अभ्यासक्रमात नववीपर्यंत साधारण १६०० शब्द आहेत, याला त्याहून जास्त पाठ आहेत.

शांघायच्या पेपरात आणखी एक छळ असतो: उताऱ्यातल्या रिकाम्या जागेत शब्दाचं फक्त पहिलं अक्षर देतात, बाकीचा शब्द आपण भरायचा. बाई पत्र वाचून 'एस' काहीतरी करते, तर हा 'स्माइल्ड' लिहून मोकळा. पत्रात भाऊ यंदाही येणार नसल्याचं आहे, हे वरच्याच ओळीत. म्हणजे ती उसासा टाकते, 'साय्ड' हवं होतं. भूतकाळाचं रूप मात्र अचूक.

तर प्रश्न असा: बिटवीन द लाइन्स म्हणतात ते शिकवायचं कसं? आणखी उतारे सोडवून घेऊ, की ते थांबवून नुसत्या गोष्टी वाचू? आईला रोज दोन उतारे 'झालेले' दिसायला हवेत, हीसुद्धा एक अडचण आहेच.

खडूफळा: तीस वर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवलं. पहिलं काम, पर्याय झाका. कागदाची पट्टी ठेवा. उत्तर आधी त्याच्या शब्दांत येऊ दे, मग पट्टी काढून जवळचा पर्याय शोधा. चार पर्यायांतले तीन अशा शब्द जुळवणाऱ्या मुलांना पकडायलाच लिहिलेले असतात. आमची पोरं काही वेगळी नव्हती.

दुपारचीझोप: त्याच्या शब्दांत म्हणजे चिनीत चालेल का पण? परीक्षेत मनात भाषांतर करत बसला तर वेळ पुरायचा नाही.

खडूफळा: सुरुवातीला चिनीतच. समज एकदा जागी झाली की भाषा आपोआप गळते. पहिल्या अक्षराच्या रिकाम्या जागांना पेन्सिल खाली ठेवून पूर्ण उतारा एकदा वाचायला लावा. मग प्रत्येक जागेपाशी दोनच प्रश्न: इथे क्रियापद हवंय की नाम? आणि माणूस खुशीत आहे की नाही? अक्षराकडे त्यानंतर बघायचं. आणि रोज दोन नको, एकच उतारा, पण "कशावरून?" ही ओळ अधोरेखित केल्याशिवाय उत्तर धरायचं नाही. आईला ती अधोरेखित ओळ दाखवा, 'झालेलं' दिसेल.

धागाकर्ती: खडूफळा, खूप आभार. काल पट्टी ठेवली. पहिली दहा मिनिटं नुसता रुसला, पर्यायांशिवाय प्रश्न कसा सोडवायचा म्हणे. मग एका कुत्र्याच्या उताऱ्यावर चिनीत बरोबर उत्तर दिलं, पट्टी काढली आणि तरीही चुकीच्या पर्यायावर खूण केली, कारण त्यात 'डॉग' होता. स्वतःच्याच लक्षात आलं, हसला, खोडलं. चुकांच्या वहीत हा प्रश्न चिकटवलाय. लाल शाईत कारण काय लिहायचं, यावर मायलेकांची अजून चर्चा चालू आहे.