त्रयीचा दुसरा भाग दोनशेव्या पानावर अडकलाय, पुढे कसा वाचावा?

राजारामपुरी_वाचक
कोल्हापुरात आम्ही सहाजण मिळून इंग्रजी रोमँटिक फँटसीची त्रयी वाचतोय. दुसरा भाग ६०० पानांचा आहे आणि दोनशेच्या आसपास सगळेच थांबलेत. नायक-नायिका वेगवेगळ्या राज्यांत, नवी पात्रं ढीगभर, जुनी नावं विसरलेली. मधली प्रकरणं गाळली तर चालेल का? दर रविवारी रंकाळ्यावर भेटतो. आठवड्याला किती वाचायचं ठरवावं?

शाईदौत
अजिबात गाळू नका. दोघं लांब असतात ती पानं म्हणजेच दुसऱ्या भागाचा जीव. एकत्र असताना जे झाकलेलं राहतं ते तिथंच उघडं पडतं, आणि जादूची किंमत कोण मोजतंय तेही बहुधा तिथंच कळतं.

आधी पहिल्या भागाची शेवटची तीन प्रकरणं परत वाचा. शिवाय त्यात किरकोळ वाटलेला एखादा पुरुष आता सारखा समोर येत असेल, तर त्याचे जुने प्रसंगही काढा. दुसऱ्या भागात नायकच बदलणं या प्रकारात नवीन नाही.

मग एक वही घाला. डावीकडे प्रत्येक शपथ, करार, वचन, अगदी पुस्तकातल्याच शब्दांत. उजवीकडे कुणी कुणाला दिलं आणि प्रकरण क्रमांक. परींच्या दरबाराच्या कथांत बऱ्याचदा पात्रांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ती शब्दांतच पळवाट ठेवतात. ‘मी तुला इजा करणार नाही’ आणि ‘मी तुला इजा होऊ देणार नाही’ यांत सगळं कथानक मावतं. वहीत नुसता सारांश लिहिलात तर नेमकी ती फट निसटते. आपल्याला हे अवघड जाऊ नये. कैकेयीला वर मिळाले युद्धात, तिने ते मागितले रामाच्या अभिषेकाच्या तोंडावर. शाप-उःशापांवर वाढलेला वाचक आहे आपण.

भरभर वाचायचंच असेल तर प्रवासाची आणि पोशाखांची वर्णनं. पहिल्या भागाची उजळणी करणारे सुरुवातीचे परिच्छेदही.

पंचगंगा_काठ
पानांवर ठरवू नका, प्रकरणांवर ठरवा. ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांचे पानक्रमांक जुळत नाहीत, मग रविवारी एकजण दुसऱ्याच्या पुढचं बोलून जातो. ४०० पानं उरलीत, म्हणजे रोज १५ धरली तर चार आठवडे.

ऑडिओबुक घेणार असाल तर ६०० पानं म्हणजे ढोबळ १,८०,००० शब्द, साधारण २० तास. मात्र ऐकलेलं नाव छापलेल्या स्पेलिंगशी जुळत नाही, सोबत पात्रांची यादी ठेवा. ती यादी स्वतः करा. इंटरनेटवर पात्राचं नाव टाकायला लागलं की शोधपट्टीच पुढे ‘मृत्यू’ किंवा ‘लग्न’ सुचवते, तिसरा भाग तिथंच फुटतो. ई-बुक असेल तर पुस्तकाच्या आतच नाव शोधा आणि फक्त मागचे उल्लेख बघा.

जुना_बाइंडर
भावा, प्रत कुठली आहे ते पण बघा. फुटपाथवरच्या नकली प्रतींत नकाशा काळपट उठतो, आणि कधीकधी १६ पानी फर्माच (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) गळालेला किंवा दोनदा लागलेला असतो. कथा तुटक वाटली की आधी पानांचे क्रमांक तपासा.

रंगीत कडांची प्रत असेल तर पानं एकमेकांना चिकटलेली असतात. ओढू नका. थोडी थोडी पानं अंगठ्याने हलकेच फुलवत सुटी करा, नाहीतर कडेचा रंग निघतो. एवढं जाड पुस्तक मधोमध दाबून उघडलं तर पाठीचा गोंद फुटतो. दोन्ही टोकांकडून वीस-वीस पानं उलटत मध्यापर्यंत या. आपल्याकडच्या पावसात ते भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतं.

राजारामपुरी_वाचक
दोन प्रती फुटपाथवरच्याच आहेत, आज क्रमांक तपासतो. शपथांची वही सहाजणांत एकच ठेवावी की वेगळी?

शाईदौत
वेगवेगळी. कुणी कुठला शब्द महत्त्वाचा मानला, तेच रविवारी वाचून दाखवा.