मदत हवी आहे: अपेंडिक्सचं लगेच ऑपरेशन की आधी अँटिबायोटिक्स?

भाचा (वय २१) इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे कोथरूडलाच राहतो. परवा रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, जेवणावर वासना नाही, एक उलटी. मेसचं बाधलं समजून ओवा दिला. आई एरंडेलाची बाटली काढत होती, ती बायकोने हातातून घेतली. (सर्जन म्हणाले, फार बरं केलंत.) पहाटे दुखणं उजवीकडे खाली सरकलं. स्कूटरवरून नेताना प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा खांदा आवळत होता, आणि कोथरूडात ते किती आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. डॉक्टरांनीही नेमकं तेच विचारलं: गाडी उडली की दुखतं का?

सोनोग्राफीत अपेंडिक्स ९ मिमी (६ पर्यंत नॉर्मल धरतात). फुटलेलं नाही, पू नाही. पांढऱ्या पेशी १५,०००. सलाईन चालू, तोंडाने काही नाही. सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात. ताई-भाऊजी सांगलीहून निघालेत. भाऊजींचं म्हणणं, सेमिस्टर तीन आठवड्यांवर आलीय, औषधांनी भागत असेल तर कशाला कापायचं? सही भाचाच करणार, पण तो माझ्या तोंडाकडे बघतोय. नुसत्या औषधांवर कोणी निभावलंय का? आणि दुर्बिणीला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १
भाऊजी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. फुटलेलं नसेल तर अँटिबायोटिक्स हा मान्य पर्याय आहे. पण फिनलंडच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी साधारण ३९ टक्के लोकांचं अपेंडिक्स पाच वर्षांत काढावंच लागलं. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात ९० दिवसांतच दहातल्या तिघांचं, आणि आत खडा असेल तर दहातल्या चौघांचं. ऐन पेपरच्या आदल्या रात्री पुन्हा उचल खाल्ली तर? खडा आहे का, हे सर्जनना आधी विचारा. सोनोग्राफीत तो निसटतो, सीटीत बहुधा दिसतो.

दुर्बिणीचं म्हणाल तर माझं तसंच झालंय. तीन छोटी भोकं, त्यातलं एक बेंबीपाशी. दुसऱ्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकला, पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं तसं. ओपनमध्ये उजवीकडे छेद घेतात, सावरायला जरा जास्त दिवस लागतात, पण तेही वाईट नाही. सर्जनचा हात ज्यात बसलाय ते करू द्या.

प्रतिसाद २
एकच सांगतो. दुखणं एकदम थांबलं तर पेढे वाटू नका, लगेच सिस्टरना सांगा. फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटतं. मग पू पोटात पसरला की प्रकरण लांबतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सीटी झाला, खडा आहे. भाचा स्वतःच म्हणाला, मामा, काढून टाकू दे. रात्री नऊला आत घेतायत. भाऊजी खंबाटकीत अडकलेत, त्यांना फोनवर खडा म्हटल्यावर ते काहीच बोलले नाहीत. आता भाच्याची एकच चौकशी चालू आहे: खांदा किती दिवस दुखतो?