इनडिझाइन डेटा मर्ज: ५,००० निमंत्रणांची पीडीएफ रिपला जड जाते

प्रश्न: ५,००० निमंत्रणं इनडिझाइनच्या डेटा मर्जने, म्हणजे यादीतली नावं एकाच मांडणीत आपोआप भरून, केली आहेत. पार्श्वभूमीचा फोटो सगळीकडे एकच, बदलतं फक्त नाव आणि क्यूआर कोड. पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) केली की रिप (पीडीएफचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) रेंगाळतो. शिवाय नावांतल्या वेलांट्या भलतीकडे सरकतात. काय बदलू?

उत्तर: एक्स-१ए सोडा, पीडीएफ/एक्स-४ घ्या. एक्स-१ए पारदर्शकता सपाट करते, म्हणजे सावलीसारखे अर्धपारदर्शक थर खालच्या चित्रात मिसळून टाकते. नावाला सावली असेल तर त्याखालचा फोटो दर पानावर वेगळा कापला जातो आणि रिपला तो एकदाच रास्टर करून (ठिपक्यांत बदलून) पुन्हा वापरता येत नाही. एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते. तरीही नावाची सावली काढाच, फरक लगेच जाणवेल. पीडीएफ/व्हीटी (दर प्रतीत मजकूर बदलणाऱ्या छपाईसाठीचा प्रकार) याच एक्स-४ वर बेतलेलं आहे, पण त्यासाठी तसं सॉफ्टवेअर आणि रिप दोन्ही हवेत.

उत्तर: वेलांट्यांचा दोष पीडीएफचा नाही. मर्जच्या आधी मूळ फाइलमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय) लावा. एक्सेलमधून यादी 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

उत्तर: क्यूआर फक्त १००% काळ्यात ठेवा. आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतला) जेपेग टाकलात तर काळा छपाईच्या चार रंगांत फुटतो, रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं की कडा धूसर होतात आणि स्कॅन अडतं. आधी २० नोंदींची पीडीएफ छापून प्रत्येक कोड मोबाइलने तपासा.