घोडागाडी शर्यतींचा पैसा कोणाचा आणि कारभार कोणाचा? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या वाचकांची चर्चा)

पुळण (अलिबाग)

रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की बैलगाड्यांबरोबर घोडागाड्याही धावतात. बैलांसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. त्यामुळे बैलांच्या शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ५०,००० रुपयांची अनामत भरावी लागते, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आहे, आणि चाबूक किंवा पराणी वापरता येत नाही. ही दुरुस्ती मात्र बैलांपुरतीच आहे. त्याच मांडवासमोर अर्ध्या तासाने सुटणाऱ्या घोड्याच्या वाट्याला १९६० चा मूळ कायदा येतो. तो क्रूरतेला शिक्षा सांगतो. शर्यत कशी भरवावी, निकाल कोणी द्यावा, इनामाचा पैसा कोणी सांभाळावा, याबद्दल त्यात काही नाही.

अशी फट फक्त आपल्याकडेच राहिली आहे असे नाही. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये घोड्यांना उत्तेजके दिल्याच्या प्रकरणात दोन डझनांहून अधिक प्रशिक्षक, पशुवैद्य आणि पुरवठादारांवर खटले भरले गेले. त्यांत पाठीवर स्वार घेऊन धावणाऱ्या घोड्यांचे लोक होते, तसेच दोन चाकांची हलकी गाडी ओढत दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्यांचेही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे देशपातळीवर एक प्राधिकरण स्थापणारा कायदा झाला, पण तो सक्तीने लागू झाला तो केवळ स्वाराच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांना. गाडीचे घोडे पूर्वीप्रमाणे प्रत्येक राज्याच्या वेगवेगळ्या नियमांवर राहिले.

गेल्या मोसमात मी शेवटच्या दोरीपाशी उभा होतो. दोन घोडे जवळजवळ एकाच वेळी आले, ओल्या वाळूचे शिंतोडे आमच्या तोंडावर उडाले, आणि पंचांनी झेंडा खाली करण्यापूर्वी मान वळवून मांडवात बसलेल्या इनामदात्याकडे पाहिले. निकाल कदाचित बरोबरही असेल. पण ज्याच्या हातात झेंडा आहे त्याला पैसे देणाऱ्याकडे पाहावेसे वाटले, हीच माझी तक्रार आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की किनाऱ्यावरील घोडागाडी मालकांची नोंदणीकृत संस्था असावी. प्रवेश फीचा ठरावीक हिस्सा पशुवैद्य आणि विमा यांसाठी बाजूला काढावा. इनामाची पूर्ण रक्कम शर्यतीपूर्वी बँकेत जमा व्हावी. आणि पंच दुसऱ्या तालुक्यातून बोलवावेत.

कासरा (मुरूड)

पुळण यांची तळमळ मला मान्य आहे, परंतु त्यांच्या सूचनेचा भार शेवटी माझ्यासारख्यावर येतो. माझा घोडा दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांची गाडी ओढतो. पावसाळ्याचे चार महिने तो तबेल्यात असतो आणि खाणे मात्र बाराही महिने लागते. चणे, कोंडा, गवत, नाल, औषधे यांचा खर्च काढून उरते त्यातून मी शर्यतीची फी भरतो. त्या फीमधून आणखी हिस्सा कापला, तर इनामाचा आकडा लहान होईल, आणि इनाम लहान झाले तर माझ्यासारखा मालक येणार नाही. ज्याच्याकडे केवळ शर्यतीसाठी घोडा बाळगण्याची ऐपत आहे तोच येईल.

पैसा पर्यटनातून यावा, असे माझे म्हणणे आहे. शर्यतीच्या दिवशी खोल्या भरतात, खाणावळी भरतात, गाड्या उभ्या करायला जागा मिळत नाही. ग्रामपंचायत जी वाहनतळाची पावती फाडते, त्यातला भाग इनामाला द्यावा. इनाम आधी बँकेत ठेवण्याची अट मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. तीन वर्षांपूर्वी एका शर्यतीत माझी गाडी दुसरी आली. ढाल मिळाली, छायाचित्र काढले, आणि रोख रक्कम "पुढच्या आठवड्यात" मिळणार होती. ती अद्याप मिळालेली नाही.

खातेवही (पेण)

सरकारी किंवा पंचायतीच्या पैशावर शर्यत उभी करू नये, हे मी आग्रहाने सांगतो, आणि त्यासाठी कॅनडातील ओंटारियो प्रांताचे उदाहरण देतो. तेथे १९९८ पासून शर्यतीच्या मैदानांवर जुगाराची यंत्रे बसवली गेली, आणि त्यांच्या उत्पन्नातील दहा टक्के मैदानांना व दहा टक्के घोडेवाल्यांना मिळू लागले. गाडीच्या घोड्यांच्या शर्यतींचा तो मोठा आधार झाला. इनामे वाढली, लोकांनी कर्ज काढून घोड्या घेतल्या, पैदास वाढवली. मार्च २०१२ मध्ये प्रांताच्या सरकारने ही व्यवस्था बंद करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्च २०१३ ला ती संपली. वर्षाला सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा प्रवाह जवळजवळ एका वर्षाच्या सूचनेवर आटला. घोड्याच्या बाबतीत शिंगरू जन्मून धावण्याजोगे होईपर्यंतच दोन वर्षे जातात, तेव्हा ज्यांनी घोड्या गाभण करून ठेवल्या होत्या त्यांनी काय करावे? मैदाने बंद पडली, घोडे पडेल त्या भावाने विकले गेले, आणि नंतर सरकारला मदतीच्या वेगळ्या योजना आणाव्या लागल्या.

कासरा यांना वाहनतळाच्या पावतीचा पैसा हक्काचा वाटतो. पण पुढच्या निवडणुकीनंतर नवे सदस्य मंडळ आले आणि त्याने तो पैसा पाखाडीच्या दुरुस्तीकडे वळवला, तर त्याला चूक म्हणता येईल का?

उधाण (श्रीवर्धन)

खातेवही यांनी फसलेले उदाहरण निवडले; टिकलेलेही सांगायला हवे. स्वीडनमध्ये १९७४ साली शर्यत संस्थांनी मिळून पैजांची स्वतःची कंपनी काढली. तिची नव्वद टक्के मालकी गाडीच्या घोड्यांच्या संस्थेकडे आणि दहा टक्के स्वाराच्या घोड्यांच्या संस्थेकडे आहे, आणि नफा शर्यतींकडे परत येतो. फ्रान्समध्ये तर १८९१ च्या कायद्यानेच ठरले, की पैजा चालवण्याचा अधिकार नफा न वाटणाऱ्या, अश्वपैदास सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या शर्यत संस्थांनाच असेल. पैसा खेळातून निघतो आणि खेळातच जातो, म्हणून कोणा पुढाऱ्याच्या मांडवाकडे पाहण्याची वेळ येत नाही. आपल्या किनाऱ्यावर पैजा लागत नाहीत असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? मग त्यांचा हिशेब उघड का नसावा?

खातेवही (पेण)

उधाण यांच्या उदाहरणातील आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. त्या संस्थांच्या मागे रोजच्या शर्यती, लाखो पैजा लावणारे आणि शंभर वर्षांची नोंदपुस्तके आहेत. आपल्याकडे मोसमात मोजक्या शर्यती होतात आणि घोड्याचे नाव प्रत्येक गावात बदलते. पैज हा आपल्या राज्यघटनेत राज्य सूचीतील विषय आहे. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले, ते मान्यताप्राप्त क्लबच्या शर्यतींच्या संदर्भात. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवरचा २८ टक्के वस्तू व सेवा कर कायद्यात पक्का झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला, तेव्हा मोठ्या क्लबांचेही कंबरडे मोडू लागले. स्वीडनमध्ये मुळात जिंकणाऱ्यांना पैसे वाटून उरलेल्या रकमेवर कर आहे, पैजेच्या पूर्ण रकमेवर नाही. हा फरक उधाण यांनी सोडून दिला. आणि पंचाने मांडवाकडे पाहण्याचाच प्रश्न असेल, तर पैजांनी तो सुटत नाही. त्याच्याकडे पाहणारे डोळे तेवढे वाढतात.

भरतीरेषा (दापोली)

येथे पैशाबद्दल इतके लिहिले गेले आणि घोड्याबद्दल फारच थोडे, याचे मला दुःख होते. मी या शर्यतींच्या विरोधात आहे आणि ते स्पष्ट सांगून पुढे लिहिते. ओहोटीची वाळू सर्वत्र सारखी घट्ट नसते. पाण्याजवळ ती कठीण असते आणि चार पावले वर ती भुसभुशीत होते. भरधाव घोड्याचा एक खूर रुतला की गाडीचे सगळे ओझे त्या पायाच्या शिरेवर येते. आठवडाभर पर्यटक ओढलेला घोडा रविवारी शर्यतीला जुंपला जातो, त्याच्या खांद्यावरील पट्ट्याखाली केस गेलेले असतात, आणि त्यावर हळद लावून पुन्हा पट्टा आवळला जातो. हे मी स्वतः पाहिले आहे. हाताने स्पर्श केला तेव्हा तो घोडा शहारला होता.

याशिवाय हाच मोसम ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा असतो. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले येथे लोक रात्री जागून घरटी राखतात. तेथे वाळूवर कोणती चाके फिरावीत, हे कोण ठरवणार?

पुळण यांच्या सूचनेतील मोठी उणीव अशी, की मालकांचीच संस्था शर्यत भरवणार आणि तीच पशुवैद्याला पैसे देणार. घोडा धावण्यास अयोग्य आहे, असे सांगणारा माणूस त्या संस्थेचा पगारी असता कामा नये.

पुळण (अलिबाग)

भरतीरेषा यांचा शेवटचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. पंचाबद्दल जे मला खटकले, तेच पशुवैद्याबद्दल माझ्या लक्षात आले नाही. त्याची नेमणूक जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने करावी, फी संस्थेने त्या विभागाकडे आधी भरावी, आणि त्याने थांबवलेला घोडा कोणाच्याही शब्दाने सुटू नये. आठवडाभर जुंपलेल्या घोड्याला शर्यतीपूर्वी किमान तीन दिवस विश्रांती हवी, आणि कासवांची घरटी असलेल्या किनाऱ्यांवर विणीच्या काळात शर्यत नको, या दोन अटी मी माझ्या सूचनेत घालतो. शर्यती बंदच व्हाव्यात, हे मात्र मला पटत नाही. नियम नसताना बंदी आली तर त्या पहाटेच्या अंधारात, पशुवैद्याशिवाय होतील, अशी मला भीती वाटते.

फीबद्दल कासरा यांचे ऐकून मी माझी भूमिका बदलतो. एकच घोडा असून त्याच्यावरच उदरनिर्वाह करणाऱ्यांना निम्मी फी असावी आणि कपात इनामदात्याच्या रकमेतून व्हावी. वाहनतळाच्या पैशाला माझा विरोध कायम आहे.

भरतीरेषा (दापोली)

पहाटेच्या अंधाराची भीती खरी असेल, तर तो पोलिसांच्या कामातला दोष आहे. त्यासाठी शर्यतीला मान्यता देण्याचे कारण मला दिसत नाही. तरी तीन दिवसांच्या विश्रांतीची अट आज लिहिली गेली, तर आजच्या घोड्याला तिचा उपयोग होईल, म्हणून तिला माझा पाठिंबा आहे.

कासरा (मुरूड)

तीन दिवसांची विश्रांती म्हणजे मोसमातील तीन दिवसांची कमाई, आणि त्यात बहुधा शनिवार जाईल. घोड्यासाठी ते मी सोसेन. पण मग इनाम बँकेत जमा झाल्याची पावती मला नाव नोंदवतानाच दिसली पाहिजे, गाडी वाळूवर उतरवल्यावर नव्हे. ती पावती दाखवणारी पहिली शर्यत आपल्या किनाऱ्यावर जिथे होईल, तिथे माझा घोडा नोंदणीसाठी पहिला असेल.