पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

'डेटा फुटला तर पासवर्ड बदलायचा, विषय संपला' असं एकाने म्हटलं; ते मत मला अर्धंच पटलं. आधी नेमकं काय फुटलंय ते बघायला हवं.

एअर इंडियाचं २०२१ चं प्रकरण घ्या. घाला पडला तो प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीच्या सर्व्हरवर. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ मधल्या नोंदी, जगभरातले सुमारे ४५ लाख प्रवासी. नाव, जन्मतारीख, फोन, पासपोर्टचे तपशील, तिकिटं, काहींची कार्डंसुद्धा. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डामागचा गुप्त आकडा, तिथे नव्हताच, म्हणून बऱ्याच जणांनी हुश्श केलं. पण कार्ड आठवड्यात नवं मिळतं. पासपोर्ट नंबर वर्षानुवर्षं तोच, आणि जन्मतारीख मरेपर्यंत.

एकेकटी माहिती फुटकळच वाटते. ती एकत्र आली की फोनवरचा भामटा घरचाच वाटायला लागतो. मला मागे 'पार्सल अडकलंय' म्हणून फोन आला. नाव बरोबर, सोसायटी बरोबर, आणि म्हणतो कसा, "बी-एकवीस ना, सर?" आम्ही राहतो बी-बारामध्ये! आकड्यांची ही उलटापालट मी एका ऑनलाइन दुकानाच्या फॉर्ममध्ये केली होती आणि आळसापायी तशीच ठेवली होती. दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे भोक कुठे पडलंय ते आपोआप कळलं. (आळस असाही कामी येतो.)

दुकानाला मेल केला. उत्तर आलं, 'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' खाली सही कोणाचीच नाही.