आधी सांडपाणी, मग झाडं

सोलापुरातला सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला आणि हुतात्मा बाग अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या बागांच्या साखळीसारखी हिरव्या पट्ट्याने जोडावी, ही सूचना मनापासून पटली. फक्त क्रम पाहा. ती साखळी आखणारे उद्यानरचनाकार ओल्मस्टेड यांनी १८७८ मध्ये बॉस्टनमधला बॅक बे फेन्स हा पाणथळ भाग हाती घेतला तो बागेसाठी नव्हे; भरतीच्या दलदलीत साचणारी घाण आणि पूर आवरायला. सांडपाण्याची वाट आधी वळवली, मग खारं पाणी सोसणारी झाडं लावली. चार्ल्स नदीवरच्या १९१० च्या धरणाने भरती थांबली, पाणी गोडं झालं आणि ती लागवड गेली. पुढे १९६० च्या दशकात उड्डाणपुलाने फेन्सला नदीशी जोडणारा चार्ल्सगेटचा दुवाच झाकोळला.

आपल्याकडेही आधी तलावात येणारे नाले अडवा, नाहीतर जलपर्णी फोफावणारच. मग दोन-दोन फुटांचे खड्डे, पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंब आणि निदान दोन उन्हाळे पाणी. बुंध्याला सिमेंट मात्र भिडवू नका.