जुन्या तबकडीची फाइल शेअर करताना क्रेडिट नक्की कुणाला द्यायचं?

नाट्यवेडा_सातारा
इंटरनेट आर्काइव्हवर एका संग्राहकाने टाकलेलं जुनं नाट्यपद सापडलं, ७८ आरपीएमवरून (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी) घेतलेलं. खरखर जराशी कमी करून यूट्यूबवर टाकायचा विचार आहे. गायकाचं नाव तर देणारच, पण ज्याने तबकडीवरून फाइल केली त्याचंही द्यायचं की नुसतं 'साभार इंटरनेट आर्काइव्ह' चालेल? आमच्या ग्रुपवर तर सगळंच 'साभार गूगल' असतं 😄 आणि कॉपीराइटची काही भानगड आहे का?

तबकडीवाला
'साभार इंटरनेट आर्काइव्ह' म्हणजे 'साभार पोस्टमन' झालं रे. तबकडी मिळवून, धुऊन, योग्य सुई लावून फाइल केली ती त्या माणसाने, त्याचं नाव हवंच. लिंक त्या पानाची दे, थेट एमपीथ्रीची नको, माहिती सगळी पानावर असते. लेबलवरची कंपनी नि रेकॉर्ड नंबर लिही, आणि लेबलच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर (त्या मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) फोटोत दिसत असेल तर तोही. एकच पद त्याच गायकाने दोनदा रेकॉर्ड केलेलं असू शकतं, नंबर नसला की आपण कुठलं ऐकतोय तेच कळत नाही आणि मग लोक कमेंटमध्ये सालावरून भांडत बसतात.

पायपेटी
+१. तू काय बदललंस तेही लिही. जुन्या सगळ्याच तबकड्या काही बरोब्बर ७८ च्या नसायच्या, स्पीड जरा इकडचा तिकडे झाला की पेटीच्या काळी एक पट्टीतला गायक शेजारच्या पांढरी दोनला जाऊन बसतो.
आणि अगदी जुनी असेल, शेवटी गाणाऱ्याने स्वतःचं नाव पुकारलं असेल, तर ते नॉइज म्हणून कापू नकोस प्लीज!! सुरुवातीच्या तबकड्यांवरची गायिका गौहर जान 'माय नेम इज गौहर जान' म्हणायची ना, ते उगाच नाही. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, त्याआधी तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून, तिथल्या माणसाला लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते कळणार कसं?

कोर्टकचेरी
क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, हे दोन वेगळे विषय. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. पण पदाच्या कवीचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तबकडी मोकळी आणि शब्द अडकलेले असंही होतं. त्यामुळे साल आधी बघ.

नाट्यवेडा_सातारा
भारी, धन्यवाद मंडळी. पण त्या संग्राहकाचं नाव कुठेच नाहीये, नुसतं युजरनेम आहे. फेसबुकवर शोधून खरं नाव टाकू का?

तबकडीवाला
अजिबात नको. त्याने युजरनेम ठेवलंय तर तेच लिही. पानाखाली रिव्ह्यूची जागा असते, तिथे विचारून बघ, आणि तबकडीची दुसरी बाजू आहे का तेही विचार 😀